चुन्याच्या भिंतीवरचा वृक्षबेडूक

पावसाळ्याच्या तोंडावर रात्री न्हाणीघरातला दिवा लावावा आणि समोरच्या भिंतीवर, आपल्या डोक्याच्याही वर, हातपाय पोटाशी घेऊन चिकटलेला एक सडपातळ तपकिरी बेडूक दिसावा, हा अनुभव महाराष्ट्रातील अनेक गावांना परिचयाचा आहे. पहिली प्रतिक्रिया दचकण्याची असते. बेडूक म्हटला की तो डबक्यातला, चिखलातला, फार तर अंगणात उड्या मारणारा. भिंतीवर चढण्याचा अधिकार पालीचा, अशी आपली समजूत. त्यामुळे भिंतीवरचा हा पाहुणा काहीतरी विपरीत, बहुधा विषारी असावा, असे ठरवून केरसुणी किंवा मीठ शोधले जाते. वास्तविक तो भारतातील सर्वांत सर्वत्र आढळणाऱ्या बेडकांपैकी एक असून पूर्णपणे निरुपद्रवी आहे. मराठीत त्याला झाडबेडूक किंवा वृक्षबेडूक म्हणतात. शास्त्रीय नाव ‘पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस’. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० च्या सुमारास या जातीचे वर्णन केले.

इंग्रजांच्या काळात त्याला आणखी एक नाव मिळाले, ते म्हणजे ‘चुनाम फ्रॉग’. चुनाम म्हणजे आपला चुनाच. चुन्याचा गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंतींवर हा बेडूक लीलया चढतो, हे पाहून साहेबांनी त्याचे बारसे केले. झाडावरच्या प्राण्याला भिंतीवरून नाव मिळावे, यातच त्याच्या स्वभावाची निम्मी ओळख आहे. माणसाच्या वस्तीपासून तो दूर राहत नाही. उलट जिथे माणसाने पाणी साठवले, सावली केली आणि दिवा लावला, तिथे तो आपणहून येतो.

भारताबरोबरच श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि बांगलादेशातही त्याचा वावर आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांनी १९६० च्या दशकात पश्चिम भारतातील उभयचरांची क्षेत्रमार्गदर्शिका लिहायला घेतली, तेव्हापासून या भागातील बेडकांची पद्धतशीर ओळख सामान्य अभ्यासकाला होऊ लागली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जात ‘किमान चिंता’ या वर्गात मोडते. तरीही एखाद्या गावात ती टिकणार की नाही, हे यादीवरून ठरत नाही. ते ठरते त्या गावात पावसाळ्याचे दोन महिने न आटणारे, माशांवाचूनचे पाणी कुठे आहे यावर. अहिल्यानगर जिल्ह्यातील सोनई परिसराचे उदाहरण घेतले, तर हा मुद्दा नीट उलगडतो.

ओळख पटवायची कशी?

नर साधारण पाच ते सहा सेंटिमीटर लांब, मादी त्याहून मोठी, सात-आठ सेंटिमीटरपर्यंत. डोके रुंद, डोळे मोठे व बाहेर आलेले, कंबर बारीक आणि मागचे पाय लांबसडक. पाठीचा रंग पिवळट तपकिरी, राखाडी किंवा गडद तपकिरी, त्यावर अस्पष्ट डाग. हा रंग कायमचा नसतो. उजेड, ओलावा आणि तापमान यांनुसार तोच बेडूक सकाळी फिकट, तर रात्री गडद दिसू शकतो. दोन वेगवेगळे बेडूक पाहिले असे सांगणाऱ्याने पुष्कळदा एकच बेडूक दोनदा पाहिलेला असतो! रंगावर विसंबू नये. मांडीचा मागचा भाग पाहावा. तिथे गडद पार्श्वभूमीवर पिवळसर गोल ठिपके असतात आणि गडद रंगाची जाळी त्यांना वेगळे करते. ‘मॅक्युलेटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ठिपकेदार असाच आहे.

बोटांच्या टोकांना असलेल्या चपट्या गोल गाद्या ही दुसरी खूण. पुढच्या बोटांमध्ये पडदा जवळजवळ नसतोच. मागच्या बोटांमध्ये मात्र तो बराच असतो. या गाद्या म्हणजे चोखून धरणारे रबरी चूषक नव्हेत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर गादीचा पृष्ठभाग षट्कोनी पेशींच्या फरसबंदीसारखा दिसतो आणि पेशींमधल्या बारीक चरांतून चिकट द्रव पसरतो. ओली काच दुसऱ्या काचेला चिकटते, तसे द्रवाच्या त्या पातळ थरामुळे बोट भिंतीला धरून राहते. बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये एक जादा कूर्चा असते. तिच्यामुळे बोट कसेही वळले तरी गादी पृष्ठभागावर सपाट टेकते. चुन्याची भिंत, केळीचे पान, सिमेंटचा हौद, खिडकीची काच यांत त्याच्या लेखी फारसा फरक नाही.

दिवसा तो हालचाल करीत नाही. पाय दुमडून, डोळे मिटून, अंग भिंतीशी वा फांदीशी सपाट करून बसतो. झाडाची ढोली, केळीच्या पानांचे बेचके, भिंतीतील भेग, तसबिरीमागची जागा, वीजमीटरची पेटी, बंद पडलेल्या मोटारीचे खोके, कुंडीचे बूड अशी त्याची विश्रांतिस्थाने. रात्र झाली की पतंग, झुरळे, रातकिडे, भुंगेरे यांच्या शोधात बाहेर पडतो. दिव्याखालची भिंत ही त्याची आवडती शिकारभूमी, कारण भक्ष्य तिथे आपणहून येते.

पर्जन्यछायेत झाडबेडूक

सोनई हे नेवासे तालुक्यातील मोठे गाव. शनिशिंगणापूर येथून जवळच. त्या गावातील घरांना दारे नसण्याची ख्याती सर्वदूर पोहोचली आहे. झाडबेडकाला मात्र कोणत्याच गावातील दारांचा अडसर वाटत नाही. हा सगळा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, तोही बेभरवशाचा. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वर रतनवाडी-घाटघरकडे, पावसाची मोजदाद हजारो मिलिमीटरमध्ये होते. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांत एवढी तफावत आहे.

बेडकाची त्वचा सच्छिद्र. तिच्यातून पाणी आत जाते तसेच बाहेरही जाते. मग एप्रिल-मेच्या झळांमध्ये, जमिनीत स्वतःला गाडून न घेता उघड्या भिंतीवर वा झाडावर राहणाऱ्या या बेडकाचा निभाव कसा लागतो? या प्रश्नाचे मनोरंजक उत्तर १९९७ साली ‘कोपिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. फ्लोरिडा विद्यापीठाचे हार्वी लिलीव्हाइट आणि वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील ए. के. मित्तल प्रभृतींनी याच जातीच्या बेडकांचे निरीक्षण केले. त्वचेतील ग्रंथींतून श्लेष्म व स्निग्ध पदार्थ यांचे मिश्रण पाझरते, आणि बेडूक पुढच्या-मागच्या पायांनी ते सर्वांगावर पद्धतशीर पुसून घेतो. डोक्यावरून, पाठीवरून, कुशींवरून पाय फिरवतो आणि मग दुमडून निश्चल बसतो. थंडीत आपण अंगाला तेल चोळतो, त्याचीच ही उन्हाळी आवृत्ती! या लेपामुळे त्वचेतून होणारे बाष्पीभवन मंदावते. बंद होत नाही, मंदावते एवढेच. म्हणून दिवसा सावलीची, दमट खाचेची गरज उरतेच.

सोनई परिसरात ही दमट खाच आता माणसाने उपलब्ध करून दिली आहे. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर बांधलेले धरण १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण झाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी नेवासे तालुक्यात पोहोचले आणि ज्वारी-बाजरीच्या या टापूत ऊस उभा राहिला. सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना हे त्या बदलाचे दृश्य चिन्ह. उसाच्या दाट फडात भर उन्हाळ्यातही जमिनीलगत गारवा असतो. विहिरीच्या कडेची केळी, गोठ्यालगतचा जनावरांचा हौद, पाटाच्या चाऱ्यांच्या कडेची झुडपे, घराघरांतील न्हाणी... पूर्वी ओढ्याकाठच्या उंबर-करंजांपुरता मर्यादित असू शकेल असा प्राणी या साखळीवरून शिवारभर फिरू शकतो. पर्जन्यछायेत राहणाऱ्या या बेडकाचे जगणे बऱ्याच अंशी आवर्तनाच्या पाण्यावर बेतलेले असते, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

जगण्याचा प्रश्न असा सुटतो. वंश पुढे नेण्याचा प्रश्न याहून अवघड आहे.

फेसाचे घरटे

बहुतेक बेडूक पाण्यात अंडी घालतात. पहिल्या दमदार पावसानंतर डबकी भरली की पिवळेधमक झालेले मोठे बेडूक ‘डराव डराव’ करीत रात्र डोक्यावर घेतात. त्यांची अंडी थेट पाण्यात पडतात आणि मासे, जलकीटक, चतुराच्या अळ्या यांची मेजवानी होते. झाडबेडकाने दुसरी वाट धरली आहे. तो अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या वर टांगतो.

जूनमध्ये पावसाची सुरुवात झाली की नर पाण्याजवळच्या झुडपांवर, हौदाच्या कडेवर, विहिरीच्या दगडी बांधकामात जागा धरतात आणि रात्री साद घालू लागतात. हा आवाज डराव नव्हे. कुणी लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करावे, तसा तुटक, कोरडा स्वर. घराजवळ ऐकला तर पाल चुकचुकली की काय असे वाटावे. आवाजाच्या रोखाने मादी येते. नर तिच्या पाठीवर चढून पुढच्या पायांनी तिला बगलेत घट्ट धरतो आणि या अवस्थेत मादी नराला पाठुंगळी घेऊन घरट्याची जागा शोधते. पाण्यावर झुकलेली फांदी किंवा पान, हौदाची आतली भिंत, विहिरीतली कपार, काही वेळा काठावरचे गवत वा ओली माती. अट एकच: खाली पाणी हवे, किंवा पाऊस आल्यावर तिथे पाणी यायला हवे.

जागा ठरली की मादी आपल्या प्रजननमार्गातून एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळू लागते. अंडी फेटावीत किंवा ताक घुसळावे, तशी ही क्रिया. पाय आत-बाहेर होतात, द्रवात हवा मिसळते, पांढरा फेस फुगत जातो. मधूनमधून मादी अंडी सोडते, नर ती फलित करतो, आणि अंडी फेसातच मिसळली जातात. थांबत-थांबत तासभर किंवा अधिक काळ हे काम चालते. शेवटी मुठीएवढा, कधी त्याहून मोठा फेसाचा गोळा पानाला किंवा भिंतीला चिकटलेला राहतो. त्यात काही शे अंडी असतात. नर-मादी निघून जातात. पिलांचे संगोपन वगैरे भानगड नाही; जे काही करायचे ते त्या एका रात्रीत, त्या फेसात करून ठेवलेले असते.

कित्येकांनी हा फेस पाहिलेला असतो, पण तो बेडकाचा आहे हे ठाऊक नसते. कुणी साबणाचा फेस समजून पाण्याने धुऊन काढतो, कुणाला ती एखाद्या किड्याची घाण वाटते. सकाळी हौदाच्या काठावर खरवडून काढलेल्या एका गोळ्याबरोबर त्या जोडीची त्या वेळची सगळी अंडी जातात.

फेसाचे गुण पुष्कळ. काही तासांत बाहेरचा थर सुकून पापुद्र्यासारखा कडक होतो. आतला भाग ओलसर राहतो. त्यामुळे उघड्यावर असूनही अंडी वाळत नाहीत. फेसातल्या बुडबुड्यांतली हवा गर्भांना मिळते. पांढरा रंग ऊन परतवतो. पाण्यातल्या शत्रूंचा तर प्रश्नच उरत नाही. उघड्या पाण्यात अंडी घालणाऱ्या बेडकांची अंडी सहसा काळपट असतात, उन्हापासून बचावासाठी; झाडबेडकाची अंडी फेसात झाकलेली असल्याने ती फिकट, पांढरट असतात. हे संरक्षण अर्थात पूर्ण नाही. मुंग्यांना फेसाचा सुगावा लागतो, आणि काही जातींच्या माश्या तर बेडकांच्या फेसातच अंडी घालतात; त्यांच्या अळ्या आतल्या गर्भांवर पोसतात.

फेसाची ही युक्ती निसर्गात एकदाच सुचलेली नाही. आशिया-आफ्रिकेतील रॅकोफोरिडी कुळातील बेडूक, दक्षिण अमेरिकेतील लेप्टोडॅक्टिलिडी कुळातील बेडूक आणि ऑस्ट्रेलियातील काही बेडूक यांनी ती स्वतंत्रपणे आत्मसात केली. मध्य व दक्षिण अमेरिकेतील टुंगारा बेडकाच्या फेसातील प्रथिनांचा ग्लासगो विद्यापीठात सखोल अभ्यास झाला आहे. जंतूंनी भरलेल्या उष्ण प्रदेशात तो फेस कित्येक दिवस न कुजता कसा टिकतो, या कुतूहलातून जखमांवर औषध पोहोचवण्यासाठी असा फेस वापरता येईल का, इथवर संशोधन गेले आहे. आपल्याकडे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात झाडबेडकाच्या मीलनाचा, घरट्याचा व वाढीचा अभ्यास झालेला आहे.

खाली पाणी हवे, आणि ते टिकायला हवे

फेसातली अंडी दोन-तीन दिवसांत उबतात. पण पिले लगेच बाहेर पडत नाहीत. ती आतच वळवळत राहतात, फेस हळूहळू आतून पातळ होत जातो, आणि साधारण चार ते सहा दिवसांनी, बहुधा पावसाच्या सरीने गोळा भिजला की त्याचा खालचा भाग विरघळतो. मग बेडूकमासे, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील भैकेर, थेंबाथेंबाने खालच्या पाण्यात टपकतात. विहिरीत डोकावून हे दृश्य पाहायला मिळणे भाग्याचे.

इथपर्यंत सगळे सुरळीत. पुढचा टप्पा मात्र झाडबेडकाला इतर बेडकांप्रमाणेच पाण्यात काढावा लागतो, आणि तो लांबलचक असतो. पाण्याच्या तापमानावर व अन्नावर अवलंबून साधारण दीड ते दोन महिने. शेवाळ, कुजका पालापाचोळा, पाण्यातील सूक्ष्म जीव खात बेडूकमासे वाढतात. आधी मागचे पाय येतात, मग पुढचे, शेवटी शेपूट जिरते. दोन महिने पाणी न आटणे ही अट घाटमाथ्यावर किरकोळ आहे. नेवासे-शेवगावकडे ती किरकोळ नाही. या पट्ट्यात जूनच्या सुरुवातीच्या पावसानंतर जुलै-ऑगस्टमध्ये वारंवार खंड पडतो. पावसाचा खरा जोर पुष्कळदा सप्टेंबरात. जूनच्या सरींवर भरवसा ठेवून डबक्यावर बांधलेले घरटे जुलैच्या उघडिपीत फसते. फेसाने अंडी वाचवली, पण फेसाखालचे पाणी आटले. उथळ डबक्यात अर्धवट पाय फुटलेले शेकडो बेडूकमासे चिखलात वाळून जातात आणि बगळे-कावळ्यांची चंगळ होते.

म्हणूनच या भागातील झाडबेडकाच्या दृष्टीने डबक्यापेक्षा विहीर, बारव, जनावरांचा हौद आणि पाझराचे खड्डे जास्त मोलाचे. ‘कूपमंडूक’ हा शब्द आपण संकुचित वृत्तीच्या माणसासाठी वापरतो. पण विहिरीच्या कपारीत फेस टांगणारा आणि तिथून वाढून बाहेर पडणारा हा बेडूक त्या शब्दाची फजितीच करतो: विहिरीची सरळसोट भिंत चढून वर येणे ज्यांना साधते, अशा मोजक्या बेडकांत त्याची गणना होते.

शेततळ्यांचा हिशेब मात्र जरा वेगळा आहे. राज्य शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली सुरू झाली आणि कोरडवाहू भागात शेततळ्यांची संख्या वाढली. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याच्या तिरप्या, गुळगुळीत उतारावरून जमिनीवरचे बेडूक, सरडे, साप आत घसरतात ते पुन्हा वर येऊ शकत नाहीत. झाडबेडकाची बोटे तिथेही तग धरू शकतात. परंतु अशा तळ्यावर झुकलेली फांदी नसते, पाण्याच्या कडेला झुडूप नसते, आणि शेतकऱ्याने जोडधंदा म्हणून मत्स्यबीज सोडले असेल, तर टपकणारा प्रत्येक बेडूकमासा माशाच्या तोंडीच पडतो. पाणी आहे, पण प्रजननासाठी उपयोगाचे नाही, अशी स्थिती.

डास, मासे आणि कोरडा दिवस

झाडबेडकाच्या प्रजननस्थळांवर गदा येते, ती बहुतेक वेळा दुष्ट हेतूने नव्हे, तर रास्त कारणांसाठी. विहिरीचे पाणी खोल गेले, बोअर घेतली, जुनी विहीर मुलाबाळांना धोक्याची म्हणून बुजवली. हौदाच्या जागी झाकणाची प्लास्टिकची टाकी आली. पाटाच्या चाऱ्यांना अस्तर झाले, ठिबक आले. पाणी वाचले, पण पाझराचे ओलसर कोपरे गेले.

सगळ्यांत नाजूक पेच डासांचा. डेंग्यू, चिकुनगुन्या यांच्या भीतीने आरोग्य यंत्रणा आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते: साठवणीची भांडी, टाक्या, हौद रिकामे करून कोरडे करायचे. ते योग्यच आहे. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्याइतका मोठा होतो. बेडूकमाशाला मात्र आठ आठवडे लागतात. दर आठवड्याला कोरडा होणारा हौद हा झाडबेडकाच्या दृष्टीने सापळाच. रिकामा न करता येणाऱ्या विहिरी-टाक्यांत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी किंवा गॅम्बुशिया मासे सोडले जातात. त्यांपैकी मूळचा अमेरिकेतला गॅम्बुशिया बेडकांची अंडी व कोवळे बेडूकमासेही खातो, हे जगभर अनेक ठिकाणी नोंदले गेले आहे. ‘बेडूक वाढवा, डास घालवा’ असा सोपा तोडगा काही जण सुचवतात. पण त्यात तथ्य थोडे. मोठा झाडबेडूक झुरळे, पतंग, भुंगेरे अशा ठसठशीत भक्ष्यावर जगतो, डास टिपत बसत नाही. डासांविरुद्धचा लढा माणसालाच लढावा लागेल. व्यवहारात एवढेच शक्य आहे की घराजवळची भांडी कोरडी ठेवावीत आणि शिवारातील एखादी जुनी विहीर किंवा डबके माशांवाचून तसेच राहू द्यावे. शेतातल्या उघड्या डबक्यात चतुराच्या अळ्या व पाणढेकूण डासांच्या अळ्यांचा फडशा पाडतातच.

उसाच्या व भाजीपाल्याच्या पट्ट्यात फवारलेली कीटकनाशके पावसाबरोबर चाऱ्यांत व खड्ड्यांत उतरतात. पातळ त्वचेच्या बेडूकमाशांना या रसायनांची बाधा लवकर होते. घरात मात्र धोका मिठाचा. बेडकावर मीठ टाकले की ते त्याच्या त्वचेतून पाणी खेचून घेते आणि तो तडफडून मरतो. घालवण्याचा हा उपाय प्रत्यक्षात ठार मारण्याचा आहे. झाडबेडूक चावत नाही, विष टाकत नाही. त्याचा पातळ स्राव डोळ्यात गेला तर चुरचुरेल, इतकेच. म्हणून हात धुवावेत. घराबाहेर काढायचा असेल तर ओल्या हाताने किंवा एखाद्या डब्याने अलगद उचलून झाडाच्या बुंध्याशी सोडावा. तो परत आला तर आश्चर्य मानू नये. ओल्या, अंधाऱ्या न्हाणीइतकी चांगली जागा त्याला बाहेर मिळाली नाही, असाच त्याचा अर्थ.

सह्याद्रीतले भाऊबंद

याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या रांगेत, चित्र पालटते. घाटमाथ्यावरील दमट रानांत रॅकोफोरिडी कुळातीलच छोटे झुडपी बेडूक राहतात. त्यांतील ‘रावर्चेस्टिस’ ही प्रजाती २०१० साली स्वतंत्र मानली गेली. तिचे नाव भारतीय उभयचरतज्ज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ आहे. महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातून २०१३ मध्ये नोंदलेल्या ‘रावर्चेस्टिस घाटेई’ या जातीला पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ डॉ. हेमंत घाटे यांचे नाव दिले आहे. या झुडपी बेडकांनी पाण्याची अट जवळजवळ सोडूनच दिली आहे. ओलसर पाचोळ्यात किंवा पानांवर घातलेल्या अंड्यातून बेडूकमासा न येता थेट शेपूट जिरत आलेला इवलासा बेडूक बाहेर पडतो. तळे नको, हौद नको. मात्र अंड्याभोवतीची हवा सतत दमट हवी; ती घाटमाथ्यावर धुक्यापावसात मिळते, सोनईच्या उघड्या शिवारात मिळणार नाही. आंबोलीच्या पावसाळ्यात पर्यटकांना वेड लावणारा हिरवागार मलबार उडता बेडूक पाण्यावरच्या पानांवर फेसाचे घरटे करतो, पण त्यालाही घाटातील रान हवे असते.

जगभरातील उभयचरांची स्थिती चिंताजनक आहे. ‘नेचर’ नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार सुमारे ४१ टक्के उभयचर जाती धोक्यात आहेत. त्या यादीत सोनईकडच्या झाडबेडकाचे नाव नाही, आणि नसेलही. तो चिवट आहे. सह्याद्रीतल्या नातलगांना सोसणार नाही अशा कोरड्या उन्हाळ्यातून तो निभावून नेतो.

पाऊस लांबला की अंगाला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधून, बेडूक घेऊन घरोघर ‘धोंडी’ मागत फिरण्याची रीत महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात होती, काही ठिकाणी अजूनही आहे. बेडूक ओरडला की पाऊस येतो, ही त्यामागची श्रद्धा. झाडबेडकाच्या बाबतीत क्रम उलटा असतो: पाऊस आला की तो ओरडतो, आणि पुढचे दोन महिने पाणी टिकले तरच त्याची पिले काठावर येतात. साधारण ऑगस्ट अखेरीस किंवा सप्टेंबरात, परतीच्या पावसाच्या संध्याकाळी, विहिरीच्या आतल्या भिंतीवर नखाएवढे बेडूक वर सरकताना दिसतात. काहींची शेपटी अजून पुरती जिरलेली नसते. बोटांच्या गाद्या मात्र तयार असतात.